मिशिगनचा फुटबॉल आणि माझ्या पाटल्या



१५ ऑगस्टला रात्री साडेदहाला नातवाचा फोन आला. तिकडे दुपार होती. "आजी, निकाल लागला!" मी म्हटलं, बाळा, आता कसला निकाल, तुझी शाळा तर अजून सुरूही झाली नाही. तर म्हणाला, "माझा नाही गं, मिशिगनचा. मोठा दंड केलाय, पण ट्रॉफी राहिली. जिंकलेल्या मॅचेसपण राहिल्या." मग जरा थांबला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "आणि तुझ्या पाटल्या?"

या पाटल्यांबद्दल मी घरात कुणाशीच कधी बोलले नव्हते. फक्त या नातवाशी बोलले, तेही दोन वर्षांपूर्वी, फुटबॉलच्या नादात. तेच आज लिहिते आहे. फुटबॉल म्हटल्यावर पान मिटू नका. मलाही त्यातलं काही कळत नव्हतं.

२०२३ साली दशलक्षण पर्व आटोपून आम्ही दोघं लेकीकडे गेलो. ती अॅन आर्बरला राहते, मिशिगन राज्यात. मिशिगन विद्यापीठाचं हे गाव. जावईबापू तिथेच एम.एस. झाले आणि तिथेच नोकरीला लागले. पहिल्याच शनिवारी बघते तर म्हातारे, तान्ही बाळं, कुत्रीसुद्धा निळ्या-पिवळ्या कपड्यात. मला वाटलं काही सण आहे. लेक म्हणाली, "सणच समज. मॅच आहे."

ही मॅच कॉलेजच्या मुलांची बरं का. आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगला पालकसुद्धा येत नाहीत, आणि तिथल्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजार माणसं बसतात. १९२७ साली बांधलेलं आहे, बरंचसं जमिनीच्या खाली. बाहेरून एवढं मोठं वाटत नाही. दारातून आत गेलं की खाली विहिरीत डोकावल्यासारखं दिसतं. शेजारच्या आजोबांकडे दरवर्षीची दोन तिकिटं असतात. त्यांची बायको त्याच वर्षी गेली होती. तिची जागा त्यांनी एका शनिवारी मला दिली. इंडियानाविरुद्धची मॅच होती, ५२-७ ने जिंकली. मी घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. आजोबांनी एक दशमी खाल्ली आणि दुसरी मागून घेतली.

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्हीकडून निमुळता, आणि चामड्याचा. ते कळल्यावर मी हात लावला नाही, नातू हसला. खेळ सलग चालत नाही. दहा-पंधरा सेकंद धुमश्चक्री, मग थांबायचं, आणि पुढचा डाव कोणता ते बाहेरून कोचने सांगायचं. एवढ्या आरड्याओरड्यात सांगणार कसं? म्हणून कडेला उभी असलेली माणसं हातवारे करतात, चित्रांचे फलक वर धरतात. कुणी नाक धरतो, कुणी खांद्यावर थापट मारतो. त्यातला एक जण खरा इशारा देतो, बाकीचे फसवायला. मला एकदम आमचा मेंढीकोट आठवला. लहानपणी सुट्टीत माझी आतेबहीण समोरून डोळा मारायची, म्हणजे हुकूम माझ्याकडे आहे. पकडलं गेलं की पानं पुन्हा पिसायची. मी आजोबांना म्हटलं, म्हणजे समोरच्यांनी खुणा ओळखल्या तर? ते म्हणाले, ओळखाव्यात की, तेवढी हुशारी चालते.

पुढच्याच आठवड्यात बातमी फुटली.

मैदानावर समोर दिसणाऱ्या खुणा ओळखल्या तर तो गुन्हा नाही. पण पुढे ज्यांच्याशी गाठ पडणार आहे त्यांच्या दुसऱ्या मॅचेसना आपली माणसं पाठवून टेहळणी करायची नाही, हा नियम १९९४ पासून आहे. कारण सरळ आहे, सगळ्या कॉलेजांना असली माणसं ठेवणं आणि फिरवणं परवडत नाही. आणि खुणांचं चित्रीकरण तर मुळीच करायचं नाही. मिशिगनच्या टीमबरोबर कॉनर स्टॅलिअन्स म्हणून एक हुद्द्याने लहान कर्मचारी होता. वर्षाला ५५ हजार डॉलर पगार, म्हणजे त्या धंद्यात काहीच नाही. तो स्वतःच्या नावावर दुसऱ्यांच्या मॅचेसची तिकिटं काढायचा, ओळखीच्यांना वाटायचा, आणि ते लोक बसून फोनवर समोरच्या खुणांचं चित्रीकरण करायचे. तीन सीझन, पन्नासहून जास्त मॅचेस. तिकिटं स्वतःच्या नावावर! बी.कॉम.ला ऑडिट शिकलेल्या कुणालाही हसू येईल.

मग आमच्या घरातले शनिवार बदलले. मॅच बाजूला राहिली, वादच जास्त. जावईबापूंचा एक मित्र यायचा, मूळचा कोल्हापूरचा, पण शिकला ओहायो स्टेटला, कोलंबसमध्ये. मिशिगन आणि ओहायो स्टेट म्हणजे सात जन्मांचं वैर. वर्षाच्या शेवटी दोघांची जी मॅच होते तिला नाव पण नाही, नुसतं 'द गेम' म्हणतात. तो म्हणायचा, "मावशी, तुम्हीच सांगा. चोरी करून काढलेला पेपर रद्द होतो की नाही? तीन वर्षांच्या सगळ्या मॅचेस पुसून टाका." जावईबापू म्हणायचे, "सगळेच करतात. आमचा सापडला. आणि कोचला माहीत होतं याचा पुरावा कुठाय?" मी चहा ठेवायला आत जायचे, पण कान तिकडेच.

कोच म्हणजे जिम हारबॉ. यांची गोष्ट मला आजोबांनी सांगितली. हे स्वतः ऐंशीच्या दशकात मिशिगनकडून खेळलेले. २०१४ च्या शेवटी त्यांना कोच म्हणून आणलं तेव्हा गावाला वाटलं, घरचा मुलगा परत आला, आता सगळं ठीक होणार. पण ओहायो स्टेटकडून पहिल्या पाचही मॅचेस हरले. २०२० मध्ये करोनामुळे सहाच मॅचेस झाल्या, त्यातल्या दोन जिंकल्या. मग लोक म्हणाले, काढा याला. विद्यापीठाने काढलं नाही, पण पगार निम्म्यावर आणला. आणि पुढच्याच वर्षी, २०२१ ला, ओहायो स्टेटला ४२-२७ ने हरवलं! मग तेच लोक त्यांना डोक्यावर घेऊन नाचले. तपासात जी तीन वर्षं निघाली, ती याच वर्षापासूनची.

दशलक्षणात बाहेरगावहून प्रवचनाला पंडितजी बोलवायचे असले की आपल्या कमिटीतही असंच चालतं, नाही का? पहिल्या दिवशी वाहवा, चौथ्या दिवशी "मागच्या वर्षीचे बरे होते." फरक एवढाच की आपण नारळ-शाल देतो. तिकडचे आकडे ऐकून मला घेरी यायची राहिली. त्या वर्षी १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं, आम्ही पाट मांडत होतो, तेवढ्यात बातमी आली की टेक्सासमधल्या ए अँड एम विद्यापीठाने आपल्या कोचला काढलं. जिम्बो फिशर त्यांचं नाव. करार २०३१ पर्यंतचा होता, म्हणून काम न करता घरी बसण्याचे त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त द्यायचे! लक्ष्मीपूजनाला हे ऐकावं म्हणजे काय. आणि खेळणाऱ्या पोरांना तेव्हा कॉलेज पगार देत नव्हतं. २०२५ च्या जुलैपासून कुठे कॉलेजांना आपल्या कमाईतला वाटा त्यांना द्यायची मोकळीक मिळाली आहे.

त्याच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, मिशिगनची टीम विमानातून पेन स्टेटला चालली होती आणि वाटेतच निर्णय आला. बिग टेन म्हणून कॉलेजांचा जो संघ आहे, त्याने हारबॉंना उरलेल्या तीन मॅचेसना मैदानावर यायला बंदी केली. पत्रात असंही लिहिलं होतं की ही शिक्षा कोचला नाही, विद्यापीठाला आहे. शनिवारी मी चकल्या पाडत होते. दुय्यम कोच शेरॉन मूर यांनी टीम सांभाळली, २४-१५ ने जिंकली, आणि संपल्यावर हा धिप्पाड माणूस कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडला. जावईबापूंचेही डोळे भरले. कोल्हापूरकर म्हणाला, "रडतोय कशाला, पकडले गेलात म्हणून?" त्या दिवशी तो न जेवता गेला. लेक माझ्यावर चिडली, "आई, तू काहीतरी बोलायचंस!" मी काय बोलणार? मला दोघांचंही पटत होतं.

सगळ्यात वेगळं बोलले ते आजोबा. एका संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत आमचं जेवण आटोपलं होतं, ते सहज डोकावले. नातवाने त्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं, कोचला माहीत होतं? ते म्हणाले, मला माहीत नाही. पण पाच वर्षं आम्ही काय ओरडत होतो ते मला माहीत आहे. काहीही करा, पण ओहायोला हरवा. 'काहीही' म्हणताना आम्ही कधी विचारलं नाही की काहीही म्हणजे काय. मग जिंकायला लागले, तेव्हाही विचारलं नाही की कसं. मी तर मुळीच विचारलं नाही, तिला किती आनंद झाला होता. ती म्हणजे त्यांची बायको.

मी ताट उचलता उचलता थांबले. आपल्याला पाठशाळेत लहानपणीच शिकवतात, कृत, कारित, अनुमोदना. केलं, करवलं, आणि कुणी केलेल्याला मनातून बरं म्हटलं. पाठ म्हणताना तिसरा शब्द आपण घाईत उरकतो. पुढे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, हारबॉंनी पत्रकारांना सांगितलं की आपण माफी मागणार नाही. आपण भाग घेतला नाही, आपल्याला माहीत नव्हतं, आपण सामील नव्हतो. नातवाने मला ते फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, अरे, यांनी तर आपल्यासारखीच तीन कलमं मोजली. पण एनसीएएचा, म्हणजे कॉलेजच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, नियम असा की हाताखालच्याने मोडलेल्या नियमाला मुख्य कोच जबाबदार. माहीत नव्हतं हे उत्तर तिथे पुरत नाही. घरची मोठी बाई म्हणून मला तो नियम बरोबर वाटतो. सुनेने दूध उतू घालवलं तर सासूला माहीत नव्हतं चालेल, पण रोज दूध कमी येतंय आणि सासूला माहीत नाही, असं होत नाही.

असो. कोच नसताना टीम जिंकतच राहिली. ओहायो स्टेटला ३०-२४ ने हरवलं आणि ८ जानेवारी २०२४ ला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला ३४-१३. पंधरापैकी पंधरा. याआधीचं मोठं विजेतेपद १९९७ चं, तेही दुसऱ्या कॉलेजबरोबर वाटून घेतलेलं. मध्यरात्री गावात हॉर्न, आरडाओरडा.

दुसऱ्या दिवशी नातू शाळेतून आला तो तोंड पाडून. तेव्हा बारा वर्षांचा होता. टोपी दप्तरात कोंबलेली. वर्गातल्या एका मुलाने त्याला चीटर म्हटलं होतं. माझ्या शेजारी बसून म्हणाला, "आजी, आम्ही चीटर आहोत का?" 'ते' नाही म्हणाला, 'आम्ही' म्हणाला. जावईबापू असते तर म्हणाले असते, सगळेच करतात. माझ्या तोंडातही तेच आलं होतं. पण ते वाक्य मी आधी एकदा वापरलेलं आहे, त्यामुळे ओळखीचं वाटलं.

मी १९८३ ला लग्न होऊन सांगलीला आले. सासरची हळदीची पेढी. बी.कॉम. झालेली सून म्हणून मामंजींना फार कौतुक. दुसऱ्याच वर्षी त्यांनी वह्या घरी आणून मला बेरजा तपासायला दिल्या. हळद वाळते. जेवढी घेतली त्यापेक्षा विकताना थोडी कमीच भरायला हवी, तिला घट म्हणतात. आमच्या वह्यांत उलट होतं. विकलेली जास्त भरत होती. मी तीन रात्री ताळा घातला. मग पट्ट्या काढून बघितल्या. दिवाणजी शेतकऱ्याच्या पट्टीत पोत्यामागे बारदानाचं वजन कापायचे, आणि वर आणखी एक किलो. एका पोत्याला एक किलो. हजारो पोती.

मी मामंजींना काही म्हटलं नाही. नवी सून, काय बोलणार, हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण वेगळं. मी सासूबाईंना चाचरत विचारलं होतं, त्या म्हणाल्या, "बाजारात सगळेच कापतात." मला हायसं वाटलं. त्या दिवाळीला पेढीला चांगला नफा झाला आणि मामंजींनी मला पाटल्या केल्या. "हिशोब चोख ठेवलास म्हणून," असं म्हणाले. मी वाकून नमस्कार केला आणि घातल्या. कापलं दिवाणजींनी, कापू दिलं मामंजींनी, आणि पाटल्या माझ्या हातात.

हे मी नातवाला सांगितलं, त्याला समजेल अशा भाषेत. सांगताना वाटलं होतं, त्याला धीर येईल, की आजीचंही असं झालं होतं. त्याने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं. "मग पाटल्या परत दिल्यास?"

मी म्हटलं, कुणाला देणार रे, किती वर्षं झाली. तो म्हणाला, "हो, मॅच पण परत कशी देणार." आणि दूध प्यायला उठला. त्याला उत्तर मिळालं होतं. मला ते आवडलं नाही.

त्यानंतर हारबॉ व्यावसायिक फुटबॉलमध्ये, लॉस एंजेलिसच्या चार्जर्स टीमकडे गेले. जागेवर मूर आले, तेच रडलेले. पंधरापैकी पंधरानंतरच्या वर्षी त्यांनी आठ जिंकल्या, पाच हरल्या, आणि लगेच कुजबुज सुरू झाली, हा पेलवणारा माणूस नाही. मग त्याच टीमने कोलंबसला जाऊन ओहायो स्टेटला १३-१० ने हरवलं आणि कुजबुज थांबली. तिकडे ओहायोवाले आपल्या कोचला, रायन डे यांना, काढा म्हणायला लागले, सलग चौथ्यांदा मिशिगनकडून हरले म्हणून. दीड महिन्यात त्याच डे यांनी देशाचं विजेतेपद जिंकलं. कोल्हापूरकराने जावईबापूंना पेढ्यांचा फोटो पाठवला. नुसता फोटो. आता दोघं बोलतात.

२०२४ पासून कॉलेजांनाही खेळाडूच्या हेल्मेटमध्ये छोटा रेडिओ बसवायची परवानगी मिळाली. कोच थेट कानात सांगतो. खुणा चोरायचा धंदाच बसला. व्यावसायिक टीमकडे ही सोय १९९४ पासून होती म्हणे. एवढा पैसा असून कॉलेजांना तीस वर्षं लागली!

आणि २०२५ च्या १५ ऑगस्टला एनसीएएचा निकाल. मी तो नातवाकडून नीट समजून घेतला. स्टॅलिअन्सवर आठ वर्षांचे आणि हारबॉंवर दहा वर्षांचे निर्बंध. तेवढ्या काळात कुठल्या कॉलेजला त्यांना घ्यायचं असेल तर आधी कारण द्यावं लागेल. मूर यांनी स्टॅलिअन्सबरोबरचे ५२ मेसेज पुसले होते, ते परत सापडले. त्यांना एकूण तीन मॅचेस बाहेर बसायची शिक्षा झाली, त्यातल्या दोन २०२५ च्या सीझनला. आणि विद्यापीठाला दंड, सगळा मिळून दोन कोटी डॉलरच्या वर जाईल असा बातम्यांतला अंदाज. समितीने म्हटलं की खरं तर टीमला सीझननंतरच्या मोठ्या सामन्यांतून बाहेर ठेवण्याइतकं हे गंभीर आहे, पण आता खेळणाऱ्या मुलांनी यात काही केलेलं नाही, त्यांना ती शिक्षा नको. म्हणून त्या सामन्यांतून दोन सीझनमध्ये जेवढी कमाई होईल तेवढी दंडात भरा. कॉमर्सवाली म्हणून मला हे पटलं. ट्रॉफी काढली असती तर वहीतली एक ओळ खोडली गेली असती. इथे ज्याचा फायदा झाला त्याच्या गल्ल्यातून पैसे गेले.

फोन ठेवला आणि झोप येईना. हे शेजारी जागेच होते. मी दिव्याचं बटण न लावताच सगळं सांगितलं, वह्या, पट्ट्या, एक किलो, पाटल्या. बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "मला माहीत होतं. मी पेढीवर बसायचो ना." बेचाळीस वर्षं एका घरात, आणि दोघांनाही माहीत होतं.

पेढी बंद झाली तेव्हा वह्या रद्दीत गेल्या. पण यांना माणसं आठवतात. सकाळी चहाला बसले आणि गावांची नावं घ्यायला लागले, कोण पोतं खांद्यावर घेऊन यायचा, कुणाच्या मुलीच्या लग्नाला मामंजी गेले होते. मी मागच्या कॅलेंडरच्या पानावर उतरवून घेतलं. सतरा नावं झाली. त्यातली बरीच माणसं आता नसतील, मुलं-नातवंडं असतील. त्यांच्यापुढे जाऊन नेमकं काय म्हणायचं, यावर आमचं दोघांचं अजून एकमत नाही. हे म्हणतात गावच्या शाळेला देऊ, नाव न सांगता. मी म्हणते नाव न सांगता दिलं तर ते दान होईल, आणि हे दान नाही.

पाटल्या वजन करून आणल्या आहेत, पाच तोळ्यांना थोड्या कमी. लेक माझं लिखाण वाचते, तिला हे सगळं आज इथेच कळेल. लग्नात मी तिला त्या देणार होते आणि ऐनवेळी दुसऱ्या दिल्या, त्यावरून ती वर्षभर रुसली होती. तिच्या फोनची वाट बघते आहे.